हाज तिजानींचा जिना

जिब्रिल कमांडर याआधी दोनदा हवेलीत आला होता आणि दोन्ही वेळा ओसरीत बसून लवंग घातलेला चहा पिऊन गेला होता. या खेपेला त्याने पेल्याला हातसुद्धा लावला नाही. तो दिवाणखान्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, मान वर केली आणि जिन्याकडे बघत राहिला. घराची मालकीण सित्तना त्याच्या मागोमाग आत आली.

“खाला,” तो म्हणाला, “तुमच्या गच्चीवरून पूल दिसतो म्हणे.”

“पूर्वी दिसायचा. आता कडुनिंब वाढलेत.”

“कडुनिंब काय, तोडता येतात.” त्याने कठड्यावर तळवा ठेवून जोर देऊन पाहिला. “भक्कम आहे. उद्या दुपारी पोरं येतील. सामान जड आहे, वाट तेवढी मोकळी ठेवा. तुम्हाला काही त्रास नाही. तुम्ही खाली, आम्ही वर.”

“वर माझी नणंद असते. म्हातारं माणूस आहे.”

“मग तिला खाली आणा,” तो म्हणाला आणि निघून गेला. फाटकाबाहेर त्याची पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. बहरी शहराच्या या भागात त्याच्या माणसांना सगळे गाडीवालेच म्हणत. टोळीचं खरं नाव मोठ्याने घ्यायची कुणाची इच्छा नव्हती.

जड सामान म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. गाडीवाल्यांकडे दोन नळ्यांची एक मशिनगन होती, आळीतले लोक तिला तोफच म्हणत. पहिल्यांदा ती दातांच्या दवाखान्याच्या गच्चीवर बसली. नदीपलीकडे सैन्य होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दवाखाना जमीनदोस्त केला, आणि त्याच्यासोबत शेजारची दोन घरंही. तोफ मात्र आदल्या रात्रीच हलली होती. मग ती बर्फाच्या कारखान्यावर गेली. तिथेही तेच झालं. तोफ शाबूत, कारखाना गेला. आता हवेलीची पाळी होती.

आणि हवेलीच्या तळघरात माणसं होती. सित्तनाचे सासरे हाज तिजानी डिंकाचे मोठे व्यापारी. त्यांच्या काळात तिथे डिंकाची पोती छताला टेकायची. भिंती हातभर जाडीच्या दगडाच्या. लढाई सुरू झाल्यावर आळीतली बिनछपराची झालेली कुटुंबं एकेक करून तिथे उतरली. बुलुस सुतार आणि त्याची बायको, शाळेतल्या दोन शिक्षिका, एक आंधळे मौलवी, बाळंतीण झालेली एक पोर. अंगणातल्या विहिरीला पाणी होतं. नदी पन्नास पावलांवर होती, पण पुलावरचे नेमबाज काठावर हललेल्या कशावरही गोळी झाडत. त्यामुळे निळ्या नाईलच्या काठावर राहून माणसं विहिरीपुढे रांग लावत होती.

सित्तनाने चहाचा पेला उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला. साखर वाया घालवण्याचे दिवस नव्हते.

“गेला का मेला?” वरून आवाज आला.

हाज्जा फतहिया वरच्या सज्जात काठी टेकून उभी होती. सत्तरीला टेकलेली, लग्न न केलेली, याच घरात जन्मलेली. सित्तना सून म्हणून आली त्या दिवसापासून दोघींचं पटलं नव्हतं. हाज तिजानींच्या एकुलत्या एक मुलाने ओमदुरमानच्या विणकराची मुलगी करून आणली, हे फतहियाने कधी पचवलं नाही. भाऊ वारला, भाचा दोहाला गेला, लढाई लागल्यावर नोकर गावाकडे पळाले, आणि शेवटी या एवढ्या मोठ्या घरात या दोघीच उरल्या, एकमेकींना टोमणे मारत.

“उद्या तोफ येतेय गच्चीवर,” सित्तना म्हणाली.

“येऊ दे. हाज तिजानींच्या घरावर इंग्रजांनीसुद्धा झेंडा लावला होता एकदा. गेले की नाही?”

“इंग्रजांवर कुणी पलीकडून गोळे टाकत नव्हतं, हाज्जा. खाली तीस माणसं आहेत.”

फतहिया वळली. तिची काठी फरशीवर टकटक करत खोलीकडे गेली.

सित्तना बराच वेळ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. तो जिना म्हणजे घराचा मान होता. हिंदुस्तानातून आगबोटीने आणलेलं सागवान, पोर्ट सुदानला उतरवून रेल्वेने इथवर आलेलं. वेटोळं घेत वर सज्जापर्यंत आणि तिथून थेट गच्चीपर्यंत जाणारा एकच जिना. नोकरांसाठी मागे एक लोखंडी जिना होता, तो गंजला म्हणून तिच्या नवऱ्यानेच काढून टाकला होता. म्हणजे वर जायला दुसरी वाट नव्हती. हा विचार आला तेव्हा तो अगदी साधा वाटला. मग त्याचा अर्थ तिच्या अंगात उतरला आणि ती उठून तळघरात गेली.

बुलुसने ऐकून घेतलं आणि मान हलवली. “सित्तना, मला दुसरं काहीही सांग. मी त्या जिन्याला नुसतं पॉलिश करायचो तेव्हासुद्धा हात धुऊन यायचो.”

“मलाही आनंद होत नाहीये.”

“आणि आवाज? कोपऱ्यावर त्यांची चौकी आहे. करवतीचा आवाज काय त्यांना कळणार नाही?”

“दुपारनंतर पलीकडून गोळे सुरू होतात. रोज होतात. तेवढ्या आवाजात कर. थांबले की थांब.”

हवेलीपासून थोड्या अंतरावर नदीकाठीच पिठाची गिरणी होती. तिचा राखणदार इसहाग पाण्याला आला होता, तोही तिथेच उभा होता. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “लाकूड उचलायला मी थांबतो.” आणि खरंच थांबला.

दुपार कलली. सगळे कान लावून बसले होते. कधी नव्हे ते आज गोळ्यांची वाट पाहणं चाललं होतं, आणि आजच पलीकडचे गप्प होते. बुलुसने करवतीला तेल लावलं, पुसलं, परत लावलं. सित्तनाने मधल्या वेळात फतहियाला सांगायचं ठरवलं आणि वर गेली. फतहिया सर्वांत वरच्या पायरीवर बसली होती. पांढरा तोब साडीसारखा अंगाभोवती घट्ट, काठी मांडीवर.

“मला काय बहिरी समजलात? खाली करवतीला तेल पाजताय त्याचा वास इथवर आला.”

“हाज्जा, उठा. खाली चला.”

“नाही उठत. काप मला धरून.”

सित्तना तिच्या खालच्या पायरीवर बसली. भांडायचं बळ तिच्यात नव्हतं. “तुम्हाला वाटतं मला हे घर नको आहे म्हणून करतेय?”

“तुला हे घर कधी तुझं वाटलं?”

“तुम्ही वाटू दिलंत?”

खाली बुलुस आणि इसहाग वर न बघण्याचं नाटक करत होते.

“तू लग्न होऊन आलीस,” फतहिया सावकाश म्हणाली, “तेव्हा सगळ्या बायका तुला घ्यायला खाली उतरल्या. मी इथेच बसले होते. याच पायरीवर. म्हटलं, तिला चढून येऊ दे.”

“आठवतं मला. मेंदी लावलेल्या पायांनी चढून आले होते आणि तुम्ही म्हणालात, पाय पुसून ये.”

फतहियाच्या तोंडावर हसू आलं की काय, ते सित्तनाला नीट कळलं नाही. तेवढ्यात नदीपलीकडे पहिला गोळा सुटला. घराच्या काचा, ज्या काही उरल्या होत्या त्या, थरथरल्या. फतहिया काठीच्या आधाराने उठली.

“कापा,” ती म्हणाली.

“आधी तुम्ही खाली या.”

“मी वरच राहणार.”

“वेड लागलंय का? तुम्हाला मग उतरवणार कसं?”

“रिकामा मजला असला की ते दोर टाकून चढतील. वर बाईमाणूस आहे म्हटल्यावर थोडी तरी लाज धरतील. नाही धरली तर काठी आहे. मला खायला दोरीने वर पाठव. आणि पिठाची असीदा गुठळ्या न होता कर, तुला आजवर कधी जमली नाही ती.”

दुसरा गोळा पडला. आता वाद घालायला वेळ नव्हता. सित्तना एकटी खाली उतरली. शेवटची पायरी सोडताना तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिने बुलुसला थांबवलं असतं.

गोळा सुटला की करवत चालायची. आवाज विरला की बुलुसचा हात जागच्या जागी थबकायचा आणि सगळे श्वास धरून बसायचे. कोपऱ्यावरच्या चौकीतली पोरं हसताना ऐकू यायची, कुणाचा तरी मोबाइल गाणं वाजवायचा. मग परत धडाड, आणि परत करवत. लाकूड इतकं चिवट की पातं दोनदा तापून अडकलं. पहिला टप्पा सुटून खाली आला तेव्हा चौघांनी तो हातांवर झेलला आणि इसहागच्या खांद्याचं कातडं सोलून निघालं. त्याने हूं का चूं केलं नाही. तुकडे तळघरात डिंकाच्या जुन्या पोत्यांखाली गेले. सज्जातून गच्चीकडे जाणारा वरचा टप्पा बुलुसने तिथेच फोडला, आणि मग स्वतः दोर लावून उतरला. उतरता उतरता त्याने सज्जाच्या कडेच्या फळ्यांनाही खालून अर्धा काप दिला, म्हणजे कुणी शिडी टेकवली तर कड टिकू नये. कापलेली टोकं त्याने कुऱ्हाडीने ठेचली, चिखल फासला, मोडल्यासारखी दिसावीत म्हणून. सगळं संपलं तेव्हा दिवाणखाना ओकाबोका दिसत होता. मधोमध वर बघितलं की नुसतं आभाळाएवढं उंच छत, आणि सज्जात फतहिया.

“बापाचं नाव पुसलंत,” ती वरून म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर दोन पिकअप फाटकात शिरल्या. तोफ मागच्या गाडीवर ताडपत्रीखाली होती. जिब्रिल सर्वांत आधी आत आला, आणि उंबऱ्यातच थांबला.

“जिना कुठे गेला?”

“पडला,” सित्तना म्हणाली. “काल बागेत गोळा पडला ना. सगळं घर हादरलं. जुनं लाकूड, आतून वाळवीने खाल्लेलं.”

“काल मी हात लावून बघितला होता. भक्कम होता.”

“वरून भक्कमच दिसायचा.”

जिब्रिल तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मागे सहा-सात पोरं, बंदुका गळ्यात. एकाने ठेचलेल्या टोकावर बोट फिरवून चिखल काढायला सुरुवात केली. तेवढ्यात वरून काठी आपटली.

“कमांडर, तू आलास ते बरं झालं,” फतहिया सज्जातून ओरडली. “तूच सांग हिला. गेली तीस वर्षं मी बोंबलतेय, जिन्याला तेल पाजा, जिन्याला तेल पाजा. ही ऐकेल तर ना. हिच्या आळसाने माझ्या बापाचा जिना गेला आणि मी इथे अडकले, कबुतरासारखी.”

“मी आळशी?” सित्तनाच्या तोंडून आपोआप गेलं. “तुम्ही एक दिवस तरी झाडू हातात धरलात का या घरात?”

“झाडू धरायला तू होतीस की. विणकराची पोर.”

“विणकराच्या पोरीने तुम्हाला तीस वर्षं खाऊ घातलं.”

“खाऊ घातलं? तुझी असीदा कुत्रं खाईल?”

पोरांमध्ये खसखस पिकली. एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, “आमच्या घरी अगदी असंच चालतं.” सित्तनाचा राग खोटा नव्हता. तीस वर्षांचा साठा होता तो, आज फक्त त्याला वेळेवर वाट मिळाली होती. आणि फतहिया खालच्या एकेका चेहऱ्याकडे बारीक नजरेने बघत बोलत होती, हे फक्त सित्तनाला दिसत होतं.

“पुरे,” जिब्रिल म्हणाला. “हाज्जा, मागे सरा. आमचा माणूस वर येतोय.”

शिडी त्यांच्याकडे होती, पण ती अर्ध्यावर संपली. मग त्यांनी भिंतीलगतची दोन कपाटं ओढून एकावर एक चढवली आणि वर शिडी उभी केली. एक किडकिडीत पोरगा चढू लागला. त्याचा हात सज्जाच्या कडेपर्यंत पोहोचला तेव्हा फतहिया बरोबर त्याच्या समोर उभी होती, काठी हातात. खालून तीन बंदुका तिच्याकडे वळल्या.

सित्तनाला वाटलं, आता ही काठी मारणार, आणि आता ते गोळी घालणार.

फतहियाने काठी खाली टेकली. “बाळ,” ती शांतपणे म्हणाली, “त्या कडेवर भार देऊ नकोस. तिथे वाळवी आहे. पडशील.”

पोराने तिच्याकडे पाहिलं, हसला, आणि दोन्ही हातांनी कड धरून अंग वर खेचलं. फळी मोडली. तो कपाटांवर आपटून फरशीवर आला. पाय भलत्याच बाजूला वळला होता. त्याची किंकाळी तळघरापर्यंत गेली असणार, कारण खाली एक तान्हं रडायला लागलं आणि लगेच कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

जिब्रिल पोराकडे गेला नाही. तो फळीकडे गेला. वाकून त्याने ती उचलली, उलटी केली. अर्ध्यापर्यंत लाकूड ओबडधोबड तुटलं होतं. उरलेला अर्धा काप मात्र चाकूने लोणी कापावं तसा सरळ होता.

“वाळवीला करवत कधीपासून वापरता येते?” त्याने विचारलं.

त्याने फळी खाली टाकली.

“कुणी कापलं?”

तळघराच्या दाराशी बुलुस उभा होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलेलं सित्तनाने डोळ्याच्या कडेने पाहिलं. “मी कापलं,” ती पटकन म्हणाली. “घर माझं आहे. मी कापायला लावलं आणि मी कापलं.”

“कोणत्या हाताने?”

तिने उजवा हात पुढे केला. का केला, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. जिब्रिलने मान डोलावली. एका पोराने तिचा हात जिन्याच्या उरलेल्या खुंटावर ठेवला आणि बंदुकीचा दस्ता उचलून बोटांवर हाणला. वरून फतहिया काहीतरी बोलत होती, पण सित्तनाला फक्त आवाज ऐकू आला, शब्द नाहीत.

ती खाली बसली तेव्हा जिब्रिल तिच्याजवळ उकिडवा बसला. “मला संध्याकाळच्या आत तोफ वर हवी आहे, खाला. तुझ्याशी भांडायला मला वेळ नाही, नाहीतर बोललो असतो.” मग उठून पोरांना म्हणाला, “याला गाडीत घाला. गिरणीकडे चला. तिथे सिमेंटचा जिना आहे.”

गाड्या गेल्या. बुलुसच्या बायकोने सित्तनाची बोटं फडक्याने काटकीला बांधली. बांधून होईपर्यंत सित्तना एकच शब्द मनात उलटसुलट करत होती. गिरणी. काल करवत चालू असताना हा विचार तिच्या मनाच्या दाराशी येऊन गेला होता. तोफ इथे नाही बसली तर कुठेतरी बसेलच. तिने त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

तिने बुलुसला गिरणीकडे पाठवलं: इसहागला म्हणावं, बायकोपोरींना घेऊन आत्ताच्या आत्ता इथे ये. इसहाग खरंच आला. बायको कल्तूम, दोन मुली, एक गोधडी, एक पातेलं. मुलींना त्याने तळघरात उतरवलं, आणि स्वतः पाण्याचा कॅन भरून परत निघाला.

“तू कुठे?” सित्तनाने विचारलं.

“मालक इजिप्तला जाताना किल्ली माझ्या हातात देऊन गेलेत.”

“अरे, गच्चीवर तोफ बसलीय तुझ्या. कसली किल्ली?”

“खाली अजून ज्वारीची पोती आहेत. मी नसलो तर हे लोक रात्रीत साफ करतील. मग आळी काय खाईल?” त्याने तिच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. “दुखतंय?”

“इसहाग, थांब इथे.”

“बघू. अंधार पडायच्या आत जातो.”

कल्तूमने त्याला थांबवलं नाही. ती दारात उभी राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, मग आत येऊन मुलींचे केस विंचरायला बसली.

पुढच्या दिवसांत इसहाग दोनदा आला, दोन्ही वेळा पोत्यातून उपसलेली ज्वारी घेऊन. तळघरात सगळ्यांना असीदा मिळाली, फतहियाला टोपलीतून वर गेली. तिने गुठळ्यांबद्दल काही म्हटलं नाही. तोफ गिरणीवरून पुलाकडे धडधडत राहिली. मग एका सकाळी ती बंद झाली, आणि ती बंद झाली म्हणजे काय, हे आळीला ठाऊक होतं. कल्तूम उठून दाराकडे धावली. बुलुसने तिला कमरेत धरून ठेवलं. पलीकडून गोळे सुरू झाले ते एकामागून एक, आणि सगळे एकाच जागी.

संध्याकाळी चौघे पुरुष गेले आणि इसहागला चादरीत घालून आणलं. त्याच्या कमरेला किल्ली होती. त्याला अंगणात विहिरीपासून लांब, पेरूच्या झाडाखाली ठेवलं. दफनभूमी चौकीच्या पलीकडे होती, तिकडे जाता येणार नव्हतं. आंधळे मौलवी म्हणाले, बागेतच पुरू. आंघोळ घालायला पाणी होतं. कफन नव्हतं. चादरी होत्या त्या सगळ्या फाटलेल्या, आणि ज्या चादरीत त्याला आणलं होतं ती रक्ताने भिजलेली.

“कापड आहे,” वरून आवाज आला.

फतहिया सज्जाच्या मोडक्या कडेशी उभी होती. टोपली दोरीने खाली आली. तिच्यात घडी घातलेलं पांढरं शुभ्र कापड होतं, कापराचा वास येणारं. सित्तनाने ते ओळखलं. हजला गेली होती तेव्हा फतहियाने ते झमझमच्या पवित्र पाण्यात धुऊन स्वतःच्या कफनासाठी आणलं होतं. वर्षातून एकदा उन्हात घालायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

“हाज्जा, हे तुमचं आहे.”

“मला अजून लागलं नाहीये. त्याला लागलंय.” मग जरा थांबून, “त्याच्या बायकोला सांग, नवं आहे. कुणाचं वापरलेलं नाही.”

त्याला बागेत पुरलं. गाडीवाल्यांपैकी कुणी आलं नाही. माती लोटून झाल्यावर माणसं पांगली, मुली झोपायला गेल्या, कल्तूम मात्र पेरूखाली बसून राहिली. सित्तना तिच्या शेजारी जाऊन बसली.

“त्या दिवशी लाकूड उचलून तो घरी आला,” कल्तूमच आधी बोलली, “तेव्हा खांदा सोललेला होता. मी तेल लावत होते. तेव्हाच म्हणाला, आता ते आपल्याकडे येतील. काठावर दुसरी उंच गच्ची कुठे आहे?”

“त्याला माहीत होतं? मग त्याने मदत का केली?”

“मीही तेच विचारलं. म्हणाला, तिथे तीस माणसं आहेत, इथे आपण चौघं.” कल्तूमने मूठभर माती उचलली आणि परत सोडली. “हिशेबाचा पक्का होता. मला त्याचा राग येतोय. तुझाही येतोय. तू बोलावलंस म्हणून माझ्या पोरी खाली झोपल्यात, हेही मला कळतं. मी आता काही ठरवत बसणार नाही, सित्तना. तू पण मला काही समजावू नकोस.”

“नाही समजावत.”

“बस नुसती.”

सित्तना बसली. तिचा हात ठणकत होता, तिने तो मांडीवर पालथा ठेवला होता. दोघी अंधार पडेपर्यंत तशाच बसल्या, आणि मग कल्तूमने उठताना तिच्या चांगल्या हाताचा आधार घेतला.

हिवाळा असाच गेला. गिरणीच्या ढिगाऱ्याखालून माणसांनी ज्वारी उकरून काढली, माती पाखडून खाल्ली. फतहिया वर, बाकी सगळे खाली. टोपली दिवसातून दोनदा वर जायची. तापाने ती दोन आठवडे अंथरुणाला खिळली तेव्हा बुलुस दोराने चढून औषध देऊन आला. पुढे कल्तूमची धाकटी मुलगी रोज दुपारी सज्जाखाली चटई टाकून बसायची आणि फतहिया वरून तिला कुराणातल्या आयती म्हणून दाखवायची. चुकली की काठी आपटायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर सैन्य पूल ओलांडून आलं. गाडीवाले एका रात्रीत गेले, जाताना विहिरीचा पंप उखडून नेला. दुसऱ्या दिवशी एक तरुण कॅप्टन चार जवानांसह हवेलीत आला. लोकांनी त्यांना पाणी दिलं, बायकांनी लग्नात काढतात तसे आनंदाचे आवाज काढले. कॅप्टन दिवाणखान्यात उभा राहिला, मान वर केली.

“गच्चीवर जायला वाट कुठून आहे?”

सित्तना पुढे आली. “कशाला?”

“दुर्बीण लावायची आहे. इथून उत्तरेकडची सगळी वस्ती दिसेल.”

“तुम्ही वर चढलात तर ते इथे गोळे टाकतील.”

“ते आता लांब गेलेत, आई. घाबरू नका.”

“तेही असंच म्हणाले होते, काही त्रास नाही म्हणून.”

कॅप्टनने तिच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं आणि नजर वळवली, पण जवानांना हात केला. त्यांच्याकडे वीज खात्याची लांब शिडी होती. ती सहज सज्जापर्यंत पोहोचली, आणि वर ओढून घेतली की गच्चीपर्यंतही पुरली असती. या खेपेला कापायला काही उरलं नव्हतं. आळीतली माणसं गोळा होऊन बघत होती. तळघरातून आलेले काही जण न बोलता परत तळघरात उतरले.

पहिला जवान वर पोहोचला तसा फतहियाने त्याच्या खांद्यावर काठी टेकवली. “वर जायच्या आधी मला खाली ने.”

“हाज्जा, एक मिनिट, आधी सामान...”

“सामान थांबेल. मी पाच महिने थांबले आहे.”

त्याने तिला पाठीवर घेतलं. कल्तूम आणि सित्तना दोघींनी शिडी धरली. फतहिया डोळे घट्ट मिटून उतरली, आणि फरशीला पाय लागल्यावर क्षणभर तशीच सित्तनाच्या दंडाला धरून उभी राहिली. खूप वाळली होती. अंगाला जवळून कापराचा नव्हे, तापाचा आणि जुन्या कपड्यांचा वास येत होता.

सैन्याची दुर्बीण गच्चीवर अकरा दिवस राहिली. त्या दिवसांत सित्तनाने एकदाही पूर्ण झोप घेतली नाही. प्रत्येक आवाजाला ती उठून मुलींच्या अंगावरून हात फिरवायची. गोळे आले नाहीत. मग तुकडी उत्तरेला सरकली आणि शिडीही घेऊन गेली.

दोहाहून मुलाचा फोन आला. आई, आत्या, दोघी इकडे या, तिकिटं पाठवतो. सित्तनाने फोन फतहियाच्या हातात दिला.

“तुझी आई येईल तर येईल,” फतहिया म्हणाली. “मला मात्र बागेतल्या माणसाच्या पोरींना अजून अर्धं कुराण शिकवायचं आहे.” फोन परत देताना ती सित्तनाला म्हणाली, “आणि बुलुसला विचार, नवा जिना करायला किती दिवस लागतील. साधा कर म्हणावं. तळघरातलं लाकूड वापर. गच्चीपर्यंत नको, सज्जापर्यंतच.”

“मग कपडे वाळत कुठे घालायचे?”

“बागेत घाल. आजवर कुणी थांबवलं होतं?”

सित्तना फोन कानाला लावून अंगणात आली. मुलगा पलीकडून विचारत होता, येताय ना? कल्तूम पेरूला पाणी घालत होती. सित्तनाने डाव्या हातात बादली घेतली आणि मुलाला म्हणाली, “नंतर करते फोन, बाळा. आत्ता हातात काम आहे.”